कोरड्या जाकिटांची बखर

श्री. दर्यास नमन, वाऱ्यास नमन, आणि जे हुकूम देऊन आपण किनाऱ्यावर उभे राहतात त्यांस त्रिवार नमन. शके सतराशे बावन्न, विकृतिनाम संवत्सरे, कार्तिक मासी एका दर्याकाठच्या राज्यात जे वर्तमान घडले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही, सबब लिहिले नाही.

त्या राज्याचे श्रीमंत वाघ, डुक्कर, हरिण मारून मारून कंटाळले होते. अशा समयी एक टोपीकर बंदरी आला, आणि कयाक नामे एकमनुष्यी होडीत बसून, हाती दुतोंडी वल्हे घेऊन खोल पाण्यात गेला, आणि दोन प्रहरी पुरुषभर लांबीचा कुपा मासा गळास लावून घेऊन आला. श्रीमंतांची मर्जी बसली. मग टोपीकराने जाताना काही कयाका, बारा तरती जाकिटे आणि एक कागद नजर केला. जाकिटे केशरी, आत बुचाचे तुकडे शिवलेले. अंगात असता मनुष्य बुडो म्हटले तरी बुडत नाही. कागदात लिहिले होते की, जाकीट अंगात घालावे, गळाची दोरी अंगास गुंडाळू नये, दोरी तोडावयास सुरी छातीशी ठेवावी, एकट्याने जाऊ नये, आणि वारा जमिनीकडून सुटला तर मासा सोडून माघारी यावे.

कागद दफ्तरी गेला आणि जाकिटे जामदारखान्यात गेली. तेथील जामदार विसाजीपंत. राज्यातील मानाची वस्त्रे सांभाळणे हे त्यांचे तीन पिढ्यांचे वतन, आणि त्यांनी बांधलेल्या बासनाची गाठ त्यांच्यावाचून कोणास सुटत नसे. पंतांनी जाकिटे उलटसुलट पाहिली, रंग केशरी पाहिला, आणि वस्त्र हुजुरातून मिळणार, त्या अर्थी हा मानाचा पोशाख, असा निर्णय दिला. मग नियमही त्यांनीच लिहिले. जाकीट भर दरबारी द्यावे, घेणाराने मस्तकी लावावे, शिकारीचे दिवशी तबकात घालून, वर रुमाल झाकून किनाऱ्यावर ठेवावे, आणि मानाच्या वस्त्रास खारे पाणी लागल्यास घेणाराचे वतन जप्त. श्रीमंतांनी ऐकून शाबासकी दिली. ज्योतिषांनी हुजूरस्वारीस शुद्ध पंचमीचा मुहूर्त काढला, आणि तत्पूर्वी कोणी सरदाराने एक कुपा आणून वाट मोकळी करावी असे ठरले.

प्रतिपदेस सरलष्कर मैराळराव निघाले. पोशा तांडेल कोळी, ज्याचा जन्म पाण्यात गेला, तो आपली होडी घेऊन बरोबर जातो म्हणाला. त्यास, सरलष्करांच्या शेजारी कोळ्याची होडी शोभत नाही, ऐसे सांगून परतविले. मग मैराळराव एकटेच गेले, आणि वारा जमिनीकडून सुटला, आणि कयाक लहान होत होत जोंधळ्याच्या दाण्याएवढी जाहली, आणि मग तीही दिसेना. सायंकाळी वारा फिरला आणि रिकामी कयाक आली. दरबार किनाऱ्यावर हवालदिल झाला. मग कोणी तबकावरील रुमाल उचलला आणि पाहतात तो जाकिटास थेंब लागला नाही. तेव्हा सर्वांस धीर आला. जाकीट पालखीत घालून, पुढे चौघडा वाजवीत, मैराळरावांच्या घरी नेऊन देवघरात ठेविले. पंत पालखीमागून चालले.

दुसरे दिवशी सर्व सरदारांस एकाएकी दुखणी लागली. कोणाचा गुडघा, कोणाचे पोट, एकाची तर शेंडी दुखत होती. मग श्रीमंत बोलिले की, मानाची रीत ज्यास उत्तम ठाऊक त्यानेच कित्ता घालून द्यावा. आणि जाकीट पंतांच्या मस्तकी लावले.

पंत घरी आले ते पाटावर बसले आणि जेवले नाहीत. त्यांच्या कुटुंबाचे नाव सगुणाबाई. त्यांनी सर्व हकीकत ऐकून घेतली, आणि ताट बाजूस सारून विचारले, "इकडून समुद्रात जायचं आणि जाकिटानं तबकात बसायचं, हा नियम कुणी केला?"

पंत म्हणाले, "आम्हीच."

"मग मोडायलाही दुसरं कुणी येणार नाही," ऐसे म्हणून बाई उठल्या, आणि त्यांनी जुन्या दुलईचा तुकडा जाकिटाच्या मापाने दुमडून तबकात घातला आणि वर रुमाल झाकला.

तृतीयेस पहाटे पंतांनी जाकीट आत घातले, वरून अंगरखा चढविला, आणि तबक किनाऱ्यावर ठेवविले. जामदारास शेजारी कोणाची होडी शोभते याविषयी नियम नव्हता, सबब पोशा तांडेल बरोबर गेला. त्याने पंतांकडे एकवार पाहिले, छाती भरलेली पाहिली, आणि सुरी तेवढी कमरेची काढून गळ्याखाली बांधावयास लाविली. मग खोल पाण्यात जाऊन गळास जिता बांगडा लाविला, आणि दोन घटका गेल्या, आणि दोरीस हिसका बसला. कुपा तो. कयाक बैलांवाचून गाडी चालावी तैशी चालू लागली, आणि माड एवढेसे दिसू लागले, आणि वारा जमिनीकडून सुटला. दोरी हातून निसटू लागली तेव्हा पंतांनी तीन पिढ्यांच्या सवयीने ती मनगटास गुंडाळून जामदारी गाठ मारिली. पोशाने ते मागून पाहिले आणि तो ओरडला.

"पंतानू, दोरी तोरा. कुपा जाऊ द्या, हात ऱ्हाऊ द्या."

गाठ पंतांची, ती पंतांसही सुटेना. मग छातीची सुरी उपसून त्यांनी दोरी कापिली, आणि कयाक एका अंगावर गेली, आणि पंत पाण्यात गेले. जन्मात विहिरीतही न उतरलेला मनुष्य. डोळे उघडले तो आपले मस्तक पाण्याबाहेर आहे, याचे त्यांस मोठे नवल वाटले. पोशा आला, कयाक सरळ केली, आणि घोड्यावर चढतात तैसे नव्हे, आधी पोट आडवे टाकून, पाय झाडीत वर यावे, ऐसे शिकविले. चौथ्या खेपेस साधले.

किनाऱ्यावर उतरले तो मलमलीचा अंगरखा अंगास चिकटलेला, आणि आतून केशरी रंग दिसतो आहे. ते पाहून दरबारावर वीज पडली. शास्त्रीबोवांच्या हातची पळी वाळूत पडली, आणि मैराळराव गेले त्या दिवशी ज्यांचे डोळे कोरडे होते ते आज ओक्साबोक्शी रडले. मग तबक उघडून पाहतात तो दुलई.

तेथेच न्यायसभा बसली. न्यायाधीशांनी पुसले, "वस्त्र भिजले कैसे?"

पंत म्हणाले, "समुद्रात पडलो म्हणून."

"मैराळरावही समुद्रात पडले. त्यांचे कोरडे राहिले."

वतन जप्त आणि जाकीट सरकारजमा, ऐसा निकाल पंतांनीच लिहिलेल्या कलमान्वये झाला.

चतुर्थीस दोन प्रहरी हुजुरातून बोलावणे आले. सगुणाबाई उंबऱ्यापर्यंत आल्या. पंत महाली गेले तो श्रीमंतांनी सर्वांस बाहेर घालविले, दार आपण लाविले, आणि मंचकाखालून ते जाकीट काढिले. अजून ओलसर होते, मिठाने पांढरे पडले होते.

"पंत, वरून तीन अंगरखे घातले तर रंग दिसेल?"

"किनखाबाचे असल्यास दिसणार नाही, महाराज."

"आणि बंद?"

"बंद हा सेवक स्वतः बांधील. सुटायचे नाहीत." मग पंत म्हणाले, "सुरी छातीशी असावी. आणि पोशा तांडेल जवळ असावा."

वतन मात्र जप्तच राहिले.

पंचमीस हुजूरस्वारी निघाली. त्या दिवशी श्रीमंतांची प्रकृती भरलेली दिसली, त्याचे सर्वांनी कौतुक केले. हुजुरांनी स्वहस्ते लिहिलेल्या हुकुमाने कोळ्याची होडी शेजारी चालली. कुपा लागला, कयाक उलटली, श्रीमंत पाण्यात गेले, आणि किनाऱ्यावर एकच आकांत झाला. मग राजमस्तक बुचासारखे वर आले, आणि दर्यानेच वाट दिली म्हणून तोफा झाल्या. पोशाने त्यांस किनारी आणिले. गर्दीत मागे उभे असलेल्या पंतांस भिजल्या किनखाबाच्या काठाखालून एक बंद लोंबताना दिसला. पोशा होडी ओढीत त्यांच्याजवळून गेला आणि हळूच म्हणाला, "गाठ वळखीची दिसते, पंतानू."

पंत म्हणाले, "राजाची पुण्याई आहे."

येणेप्रमाणे त्या कार्तिकात दर्यात पडले तीन. एक बुडाले, त्यांच्या जाकिटाचा पालखीतून छबिना निघतो. एक तरले, त्यांचे वतन गेले. एक तरले, त्यांचे राज्य चालले आहे. कुपा एकही मिळाला नाही. जाकिटे बारांपैकी एक देवघरात, एक मंचकाखाली, आणि बाकी दहा जामदारखान्यात उत्तम कोरडी आहेत.