धोंडूकाकांचं बळाचं माप

माणसाने ओढलेल्या गाडीत बसल्यावर तुम्ही कधी मागे वळून पाहिलं आहे का?

मी माथेरानला एका हॉटेलात कारकून होतो, तेव्हा धोंडूकाका तिथे हातरिक्षा ओढत. पाहुण्यांची मुलं खोलीत विसरून गेलेली वीरांची चित्रपुस्तकं मी धोंडूकाकांना नेऊन द्यायचो. काकांना वाचता येत नव्हतं. पण प्रत्येक वीराचं बळ ते न्यायाधीशाच्या चेहऱ्याने तपासत.

उडणारा वीर पहिल्याच दिवशी बाद झाला. "त्याच्या पायाखाली चढ कुठं हाय?"

आगगाडी एका हाताने अडवणारा? "अडवली, बरं झालं. खालच्या दस्तुरी नाक्यापासून वर बाजारापर्यंत वडत आणली का? जाडा शेठ, शेठाणी, वर दोन ट्रंका?"

"काका, त्याच्या अंगात शंभर हत्तींचं बळ आहे, असं लिहिलंय."

"लिवणाऱ्यानं गाडी वडली हाय का कधी?"

निकाल मात्र ठरलेला. "ह्यातला एकबी आमच्या भिव्यापुढं टिकणार नाय."

भिवा हा मागून ढकलणाऱ्या दोघांतला एक. काटकुळा, छातीचा भाता झालेला. ते ऐकून सगळे हसत. भिवाही हसे आणि मग बराच वेळ खोकत बसे. त्याला काढून धडधाकट माणूस घ्या, असं गाडीमालकाने काकांना दोनदा बजावलं होतं.

माणसाने माणसाला ओढावं हेच मला मान्य नव्हतं, आणि मी ते हॉटेलच्या व्हरांड्यात मोठ्याने सांगत असे. एकदा मागचा दुसरा माणूस तापाने पडला. नुसतं बोलत राहण्याची लाज वाटून मी त्याच्या जागी लागलो.

पहिल्याच चढावर माझे खांदे भरून आले. शेजारी पाहिलं. भिवाचे तळवे दांड्यावर टेकलेले होते, पण हात सैल. तो गाडीला ढकलत नव्हता. गाडीच त्याला ओढून नेत होती.

पुढे लाल मातीपर्यंत वाकलेले धोंडूकाका मागे न पाहता ओरडले, "भिव्या, बेतानं ढकल रं. गाडी मला रेटते हाय."

"बरं दादा," भिवा म्हणाला, आणि त्याने पाठ ताठ केली.

बाजारात पोचल्यावर मी काकांना हळूच विचारलं, "हे किती दिवस चाललंय?"

"काय?" म्हणाले, आणि चित्रांचं पुस्तक उघडून बसले.

तुम्ही माथेरानला आलात तर पायी चाला. तेवढं जमत नसेल, तर निदान चढ आला की खाली उतरा. पाय मोकळे करायचेत, असं सांगा. फक्त उतरताना भिवाकडे बघू नका.