सोन्याच्या शेजारी पारा

सोनं बनवणं अजिबात अवघड नाही! मी नववीत असूनही हे ठामपणे सांगू शकते. पाऱ्याचा अणुक्रमांक ऐंशी, सोन्याचा एकोणऐंशी. म्हणजे पाऱ्यातून एक प्रोटॉन काढला की झालं सोनं! जुने किमयागार बिचारे भट्ट्या फुंकत म्हातारे झाले. त्यांना आवर्तसारणी कुणी शिकवलीच नव्हती. आता अणुभट्टीत हे खरंच जमतं, फक्त खर्च सोन्यापेक्षा जास्त येतो.

विज्ञान प्रदर्शनाला मी हाच विषय घेतला. तक्त्यापुढे खरा पारा आणि खरं सोनं शेजारी शेजारी मांडायचं ठरवलं. पारा फुटक्या थर्मामीटरमधून मिळाला. सोनं कपाटात होतं! अपेक्षाताईच्या साखरपुड्यात नवऱ्यामुलाला, म्हणजे रोहितदादांना, घालायची अंगठी. साखरपुडा रविवारी. शुक्रवारी मी नुसता सराव करत होते.

पाऱ्याचा थेंब घरंगळला आणि लग्नघरातल्या लांबच्या आत्येसारखा अंगठीला जो चिकटला, तो सुटेना. पुसला तर आणखी पसरला. दोन मिनिटांत अंगठी पांढरीफटक! जग पाऱ्याचं सोनं करायला निघालं होतं, मी सोन्याचा पारा करून दाखवला.

आधी अंगठीवर पारा चढला, मग आईचा.

"कार्टे, ती काय स्टीलची वाटी हाय व्हय घासायला?"

तेवढ्यात दारात हेमलताकाकू! रोहितदादांच्या आई, मारुंजीच्या. त्यांच्या खोल्यांत आयटीतले भाडेकरू राहतात, त्यामुळे काकूंना जगातलं सगळं कळतं.

"अगं बया! प्लॅटिनमची हाय व्हय?" काकू हरखल्या. "आमच्या वरच्या खोलीतल्या इंजिनेराकडं डिट्टो अशीच हाय!"

आईनं माझ्याकडे डोळे वटारले. मी थर्मामीटर पाठीमागे लपवला. ताईच्या तोंडून निघून गेलं, "व्हय."

पण पारा विषारी. तसली अंगठी नवऱ्यामुलाच्या बोटात कशी घालणार? शनिवारी पौडच्या सोनारकाकांनी विषारी वाफ लागू नये म्हणून आम्हाला दुकानाबाहेर उभं करून, मला मनसोक्त बोलून, ती तापवून पुन्हा पिवळीधमक केली.

"काकू इसरल्या असतील," आई म्हणाली.

रविवारी आमच्या गावी, रिह्यात, अंगणात मांडव. काकूंनी ताईसाठी आणलेली डबी उघडली. आत पांढरी अंगठी!

"तुमी प्लॅटिनम देताय म्हनल्यावर आमी मागं ऱ्हातोय व्हय? केलेली सोन्याची मोडली आन ही आनली!"

मग आमची डबी उघडली. आत पिवळीधमक!

"ही पिवळी कशी?" काकूंचा आवाज कडक झाला. "पांढरी कुटं गेली? आमाला दाखवायची येक आन द्यायची येक?"

ताईचे डोळे भरले. पाहुणे एकेक करून उठायला लागले. आता लग्न मोडतंय! मी उभी राहिले आणि थर्मामीटरपासून सगळं सांगून टाकलं.

"म्हंजी पयल्यापासनं सोन्याचीच व्हती?"

"हो काकू. वरून पारा माखला होता."

"आन मी माझी सोन्याची मोडून बसले!"

रोहितदादांनी शांतपणे मोबाइल पुढे केला. "आई, भाव बघ. प्लॅटिनमपेक्षा सोनंच महाग हाय सध्या."

काकूंनी मोबाइल बघितला. पिवळी अंगठी बघितली. मग पदर सावरून म्हणाल्या, "अपेक्षे, बघतीस काय? घाल की त्याला! पिवळीच शोभती त्याला."

साखरपुडा झाला. फोटोत ताई स्वतःच्या स्वस्तातल्या पांढऱ्या अंगठीकडे टक लावून बघतेय. पुढच्या फोटोत तीच नजर रागानं कुणालातरी शोधतेय. मी एकाही फोटोत नाही. तेव्हा मी आचाऱ्यामागे लपून मठ्ठा ढवळत होते. तासभर!