मागच्या सीटवरचे आबा

पिराजी वाघमारे सकाळी साडेसातला कोल्हापूरच्या एसटी स्टँडसमोर येऊन उभे राहिले, तेव्हा धुकं इतकं दाट होतं की समोरच्या लॉजची पाटी तेवढी हवेत लटकलेली दिसत होती. लॉज गायब. नांदेडहून ते भाच्याच्या साखरपुड्याला आले होते. साखरपुडा काल उरकला, परतीची गाडी रात्रीची, मधला एक दिवस मोकळा. लेकीनं, संयोगितानं, फोनवरून फर्मान सोडलं होतं, "आबा, खोलीत लोळत पडू नका. मी कोल्हापूर दर्शनाची गाडी ठरवलीय. पांढरी असेल, स्टँडसमोर थांबेल. निमूट बसायचं आणि सगळं बघून यायचं."

धुक्यातून एक पांढरी टेम्पो ट्रॅव्हलर आवाज न करता आली आणि त्यांच्या पायाशीच थांबली. चालवणाऱ्या तरुणाचं डोकं तुळतुळीत होतं. 'पैलवान दिसतोय,' पिराजींना बरं वाटलं.

"दर्शनाची गाडी हीच का?"

"व्हय, दर्शनच की," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "चढा, पावणं. तुमचीच वाट बगत हुतो. मागं बसा. आन वळणाला त्यास्नी जरा हात लावा."

'त्यास्नी' म्हणजे कुणाला, हे मागं गेल्यावर कळलं. शेवटच्या रांगेत खिडकीजवळ तांब्याचा एक कलश होता. तोंडाला लाल फडकं, गळ्यात तुळशीची माळ आणि वरून सीटचा पट्टा. देवीचं तीर्थ असणार, असं समजून पिराजींनी हात जोडले, शेजारी बसले आणि मफलर नाकावर ओढला.

गाडीत आठदहा माणसं होती. कुणी बोलेना. कुणी वळून बघेना. पिराजींनी जमलेल्या सगळ्यांना उद्देशून "नमस्कार मंडळी" म्हटलं, तर त्यांच्या लगेच पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाईनं डोळे मिटूनच मान हलवली आणि पदरानं नाक पुसलं.

पहिला मुक्काम अंबाबाईचं देऊळ. म्हणजे देऊळ नव्हे. गाडी लांब एका गल्लीच्या तोंडाशी थांबली. तरुणानं काच खाली केली.

"त्यो बगा कळस," तो म्हणाला.

धुक्यात कळसाचा फक्त टोकाचा ठिपका दिसत होता.

"उतरायचं नाही?" पिराजींनी विचारलं.

"आमाला देवळात जाता येत न्हाई, पावणं."

गाडी पुढं निघाली. पिराजी विचारात पडले. देवळात जाता येत नाही? कुणाला जाता येत नाही देवळात? नंतर खासबाग मैदान आलं. तिथली तऱ्हा आणखी वेगळी. सगळे खाली उतरले, पण कलश आधी उतरवला. दोघांनी तो उंच धरून रिकामा आखाडा दाखवला. पाच मिनिटं कुणी खोकलंसुद्धा नाही. कोपऱ्यावर मिसळीचा घमघमाट सुटला होता. पिराजी म्हणाले, "नाश्ता करायचा का?" तर एक जण म्हणाला, "आमच्यातलं कोन खाणार न्हाई आज."

पिराजींनी आठवण म्हणून सगळ्यांचा एक फोटो काढला आणि गाडीत बसल्यावर बघितला. फोटोत आखाडा होता, भिंत होती, पांढरं धुकं होतं. माणूस एकही नव्हता.

पिराजींनी बोटं मोजायला घेतली. देवळात जात नाहीत, खात नाहीत, फोटोत येत नाहीत. लहानपणी आजोबांनी ओळखण्याच्या ज्या खुणा सांगितल्या होत्या, त्यातल्या तीन जुळल्या. चौथी खूण पायांची. पावलं उलटी आहेत का, ते बघायला पिराजी सीटखाली वाकले. वाकताना बुटाची नाडी बांधतोय असं दाखवावं, म्हणून ती आधी सोडली.

नेमकी तेव्हाच गाडी रंकाळ्याच्या काठाला लागली. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. पुढून एक तरुण बाई, ड्रायव्हरची बायको रूपाली, हुंदका आवरत म्हणाली, "आबा, रंकाळा आला. बगा की."

नांदेडात सगळी गल्ली पिराजींना आबा म्हणायची. त्यांनी सीटखालूनच उत्तर दिलं, "बघतोय, बघतोय. छान आहे."

गाडी खाडकन थांबली.

पिराजी डोकं वर काढून बघतात, तर सगळी गाडी मागं वळली होती. पण त्यांच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे डोळे विस्फारून कलशाकडं बघत होते.

"पावणं," ड्रायव्हर कुजबुजला, "तुमी काय ऐकलासा?"

"मी?" पिराजी खरं तेच बोलले. "मी काहीच ऐकलं नाही."

रूपालीनं तोंडात पदर कोंबला. मधल्या रांगेतला एक धिप्पाड गडी सरकत सरकत बायकांच्या आड जाऊन बसला. पिराजींनी कलशाकडं बघितलं. त्यांना आता त्याचीही भीती वाटू लागली. पण सांगितलेलं काम म्हणून वळणाला त्यांनी पट्टा सोडून तो मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरला.

गाडी शहराबाहेर पडून नृसिंहवाडीच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना ऊस आणि उसातून वाहणारं धुकं. उतरून पळावं तर पळणार कुठं? एवढ्यात पुढच्या रांगेतली म्हातारी, डोळे मिटलेली, समोर तोंड करूनच हळू बोलू लागली.

"अवं, ऐकताय न्हवं? त्या दिशी मी रंकाळ्याचं नाव काढलं. चाळीस वर्सं त्याच्या कडनं दूध घालाय जाता, एकदा मला बी न्या, म्हटलं. तुमी ताट सारलासा आन उठून गोठ्यात गेलासा. उपाशीच. अवं, राग गेला का न्हाई अजून?"

पिराजींना काही उमगलं नाही. पण बाई 'अवं' म्हणत होती आणि तिच्या मागं ते एकटेच बसले होते. भूत असो नाहीतर कुणी असो, रडणाऱ्या बाईला उत्तर न देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मफलरच्या आतून ते जमेल तितक्या मऊ आवाजात म्हणाले, "राग नाही हो. कसला राग? अजिबात राग नाही."

गाडीत हुंदका फुटला. एक, मग दुसरा, मग सगळेच. ड्रायव्हर डोळे पुसत गाडी चालवत होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि त्यानं तो समोर ठेवूनच स्पीकरवर सुरू केला.

"सयाजी!" फोनमधून एक म्हातारा कडाडला. "मी जोतीराम बोलतोय, मंगळवेढ्याचा. अरे, तुमच्या लोकास्नी काय लाज हाय का? केरबा गेला म्हणून मी रात्रभर प्रवास करून आलो. सकाळी स्टँडवर तुमच्या पांढऱ्या गाडीत बसलो. एक माणूस रडंना! मिसळ खाल्ली, राजवाड्यापुढं फोटो काढलं, आता घोड्यावर बसाय निघाल्यात! मी एकटाच बोंबलतोय! आन अस्थी कुठं हायत?"

सयाजीनं गाडी कडेला घेतली. "जोतीराममामा तिकडं," तो सावकाश म्हणाला, "तर मग मागं कोन बसलंय?"

सगळ्यांनी एकदम वळून बघितलं. रूपाली किंचाळली. ती किंचाळली म्हणून धिप्पाड गडी ओरडला. आणि अस्थी हा शब्द ऐकल्यावर मांडीवर काय आहे ते कळून पिराजी सगळ्यांत मोठ्यानं ओरडले, "मी जिवंत आहे! तुम्ही आहात का?"

मग सगळा उलगडा झाला. जवळच्या गडमुडशिंगीचे केरबा, रोज दूध घालायला येऊनही तीन म्हशींच्या दोन वेळच्या धारांपायी जन्मात कधी थांबून कोल्हापूर न बघितलेले. सयाजी त्यांचा मुलगा, पुढची म्हातारी त्यांची बायको विठाबाई. जोतीराममामा लांबच्या नात्यातले, सयाजीनं कधी न बघितलेले. नदीत सोडण्याआधी आबांना एकदा सगळं दाखवायचं, हे तिनंच ठरवलेलं. सुतक म्हणून देऊळ नाही, अस्थी सोडेपर्यंत खाणं नाही, आणि फोटोच्या वेळी सगळे धुक्यात बाजूला सरकलेले. पिराजींना उतरायचं होतं, पण कलश मांडीवर होता आणि तो घ्यायला कुणी पुढं येईना. त्यांनीच तो वाडीपर्यंत नेला.

दुपारी ऊन पडलं. संगमावर सगळं यथासांग झालं. पिराजी लांब पायरीवर चोरासारखे बसून होते. विठाबाई येऊन दोन पायऱ्या सोडून बसली.

"वहिनी, माफ करा," पिराजी म्हणाले. "ते राग नाही म्हणालेले... तो मी होतो."

"ठावं हाय की मला."

"कधीपासून?"

"तवाच कळलं. चाळीस वर्सांत ह्यांनी एकदा बी 'राग न्हाई' म्हटलं न्हाई. मेल्यावर कशाला म्हणत्यात?"

"मग बोलला का नाहीत?"

"पोरास्नी वाटलं, आबा बोललं. वाटू दे." ती पाण्याकडं बघत राहिली. "आन मला बी ऐकायचं हुतं. कुणाच्या का तोंडनं हुईना."

ती उठून गेली. नांदेडहून निघताना पिराजींचं बायकोशी कडाक्याचं वाजलं होतं. कशावरून ते आता आठवेनासं झालं होतं, पण चार दिवसांत तिच्याशी ते एक शब्दही बोलले नव्हते. त्यांनी खिशातून फोन काढला आणि घरचा नंबर लावला.

"हॅलो," पलीकडून बायको म्हणाली.

पिराजींनी घसा साफ केला. "ऐक. मला काही राग नाही. तेवढंच सांगायचं होतं."

मग बायकोचा आवाज आला, बारीक, घाबरलेला.

"कोण बोलतंय?"