ताईंच्या नावावरचे एक लाख बारा हजार

विभागाच्या संगणकावर दरवर्षी कोट्यवधी कामगार निर्माण होतात, असे वार्षिक अहवालात ठळक अक्षरांत छापलेले आहे. हे कामगार हाडामांसाचे नसतात. अर्जदाराने घरी बसून 'माझ्या अर्जाचे काय झाले' या चौकशीचे बटण दाबले की ते काम रांगेत लागते, एक कामगार तयार होतो, उत्तर शोधतो आणि पाठवतो. मग त्याला मोकळे करून त्याची जागा संगणकाला परत करायची असते. हा सगळा कारभार विभागाच्या प्रोग्रामर ताईंनी सी भाषेत लिहिला होता. सी ही संगणकाची जुन्या वळणाची भाषा. ती मागाल तेवढी जागा देते, पण जेवण झाल्यावर ताट ज्याचे त्याने उचलायचे.

ताईंनी निर्मितीचे फंक्शन, म्हणजे ते एक काम करणाऱ्या ओळी, लिहिले तसे मुक्तीचेही लिहिले होते. मंजुरी मात्र फक्त निर्मितीला मिळाली, कारण उद्दिष्टांच्या तक्त्यात मुक्तीचा रकानाच नव्हता. त्यामुळे काम संपलेले कामगार हाताची घडी घालून तिथेच बसून राहत. दुपारपर्यंत संगणकाचा जीव घुसमटे. मग शिपाई प्लग काढून पुन्हा लावी. याला कागदोपत्री 'देखभाल' म्हणत. अशी आठ वर्षे सुखात गेली.

मग ताईंनी राजीनामा दिला. नवऱ्याची बदली झाली होती, लेकीची शाळा तिकडे सुरूही झाली होती, आणि ताईंना त्याच गावात एक तारखेपासून नवी नोकरी होती. आस्थापनेच्या कलमकाकांनी चष्मा पुसून नियम चौदा वाचला. कर्मचाऱ्याने निर्माण केलेली प्रत्येक वस्तू निकाली निघाल्याशिवाय त्यास कार्यमुक्त करता येणार नाही. नियम मुळात सुतारांसाठी होता, पण तसे त्यात कुठे लिहिले नव्हते.

"ताई, तुमच्या नावावर आज एक लाख बारा हजार कामगार आहेत."

"अहो काका, ते मी कुठे केले? लोक बटण दाबतात, तेव्हा ते तयार होतात."

"फंक्शनवर नाव कुणाचं?"

"माझं."

"मग झालं तर. पोरं दंगा करायला लागली की शेजारी आईलाच हाक मारतात."

ताईंनी मुक्तीचे फंक्शन पुढे केले. सहा ओळींचे होते. त्यावर समिती बसली. समितीने विचारले, एकच कामगार चुकून दोनदा मोकळा केला तर? शंका रास्त होती. तसे झाले तर सगळा कारभारच कोसळतो, हे ताईंनीही कबूल केले. कबूल केले हीच चूक झाली. मोकळ्या केलेल्या प्रत्येक कामगाराची नोंद संगणकाच्या स्मृतीत कायम जपावी, असे ठरले. कामगाराला लागे त्याच्या चौपट जागा शेऱ्यांसह त्याची नोंद खाऊ लागली, आणि दुपारी घुसमटणारा संगणक साडेदहालाच मान टाकू लागला.

एवढ्यावर भागले नाही. कामगार खरोखर मोकळा झाला का, हे पाहायला दर कामगारामागे एक तपासनीस कामगार नेमला गेला. तो अर्थातच ताईंच्याच फंक्शनने जन्माला येई. शंभर मोकळे केले की शंभर नवे हजर.

"प्रगती समाधानकारक आहे," समितीने लिहिले.

महिनाअखेरीला दोन दिवस उरले तेव्हा ताई साहेबांच्या खोलीत शिरल्या. "साहेब, पोरगी रोज फोनवर विचारते, आई कधी येणार? तिला काय सांगू, समिती बसलीय म्हणून?"

साहेब मनाने चांगले होते. अशा कार्यालयात तो मोठाच दोष. त्यांनी नोंदी आणि तपासनीस दोन्ही तोंडी आदेशाने रद्द केले. "पडद्यावर शून्य दिसलं की त्याच क्षणी सही करतो. पण शून्य म्हणजे शून्य हं, ताई, प्लग काढून आणलेलं नाही."

शेवटच्या दिवशी त्या सहा ओळी चालल्या. कलमकाका शिंकून नाक पुसेपर्यंत एक लाख बारा हजार मोकळे झाले. आता फक्त येत्या चौकशीपुरते कामगार जन्मत आणि उत्तर देऊन लगेच जात. तीन, एक, चार, दोन. ताईंची बॅग दाराशी होती, बाहेर रिक्षा थांबली होती, आणि सगळे कार्यालय चहा सोडून पडद्याकडे बघत होते.

पाचला तीन मिनिटे कमी असताना शून्य आले.

"करा साहेब, करा!" ताई ओरडल्या. साहेबांनी टोपण काढले, कलमकाकांनी शिक्का उचलला, सहीचे पहिले अक्षर उमटले.

"साहेब," कलमकाका म्हणाले, "एक."

साहेबांनी टोपण लावले. पुन्हा शून्य यायच्या आत पाच वाजले. एक तारीख ताईंशिवायच उजाडली.

तो एक कुणाचा होता, हे ताईंनी नंतर उघडून पाहिले. कुणी कामासाठी अडलेला माणूस असता तर त्यांनी मनावर घेतले नसते. पण हा अर्ज तीन वर्षांपूर्वीचा होता. 'आपला अर्ज विचाराधीन आहे' हेच उत्तर येणार, हे अर्जदाराला पाठ होते. तरी त्याने बसल्या बसल्या, निव्वळ चाळा म्हणून, बटण दाबले होते. उत्तर यायला अर्धा सेकंद लागला, म्हणून पुन्हा चारदा.

नाव आम्ही सांगणार नाही. फक्त ताई अजून तिथेच बसल्या आहेत, तेव्हा बटणावरचे ते बोट तेवढे बाजूला घेता का?