सतरा नंबरची मागणी

नाशिकच्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत ग्राहकाची मागणी कागदावर उतरली की दुसऱ्या दिवशी साडेनऊला ती स्वतः ऑफिसात हजर व्हायची आणि काम होईपर्यंत बाकावर बसून राहायची. फारच मोठी निघाली तर टीम तिचे तीन भाग करी, मग तिघी दाटीवाटीनं बसत. काम झालं की जात, पुन्हा दिसत नसत.

सतरा नंबर मात्र चौदा वर्षं बसून होती. वृंदाताई खांबेट्यांनी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात लिहून घेतलेली. आगाशे नावाचे ग्रंथपाल म्हणाले होते, "पुस्तक परत करणाऱ्याला यंत्रानं विचारावं, कसं वाटलं?" घाईत 'कशासाठी' हा रकाना कोरा राहिला. आणि कोऱ्या रकान्याची मागणी कामाला घ्यायची नाही, हा तिथला नियम. दर पंधरवड्याच्या बैठकीत सतराबाई उठून उभ्या राहत आणि परत पाठवलं की बाकावर येऊन बसत.

दुपारी दोघी एकत्र डबा खात. ताईंच्या लेकीचे बोबडे बोल सतराबाईंनी ऐकले, दहावीचे पेढेही खाल्ले. काय दिवस होते हो ते!

मग सौमित्र हा नवा मॅनेजर आला. "ताई, गुरुवारी हिला खोडतोय. आगाशे तर वारले. कशासाठी, ते आता कुणाला विचारणार?"

खोडलेली मागणी बसल्या जागी विरून जाते, हे सगळ्यांना माहीत होतं.

गुरुवारच्या बैठकीत त्या म्हणाल्या, "कशासाठी, ते मला ठाऊक आहे. आगाशे तेव्हाच बोलले होते. 'बायको गेल्यापासून दिवसभर मला कुणी काही विचारत नाही. वाचकांचंही तसंच असेल.'"

"अहो, मग इतकी वर्षं लिहिलं का नाही?" सौमित्रनं विचारलं.

"काम झालं की जाते ना ती."

सतराबाईच म्हणाल्या, "लिहा हो आता. पाय आखडले माझे."

ताईंनी लिहिलं. काम चाळीस मिनिटांत झालं. सतराबाईंनी स्वेटरची बटणं लावली, डब्याचं झाकण धुऊन परत दिलं आणि त्या निघाल्या. ताई रडल्या, चक्क हुंदके देऊन रडल्या.

संध्याकाळी त्यांनी नवा कागद घेतला. मागणी: दुपारी डबा खाताना समोर कुणीतरी असावं. मागणी करणार: वृंदा खांबेटे. पुढचा रकाना त्यांनी कोरा ठेवला.

शुक्रवारी साडेनऊला बाकावर कुणीतरी येऊन बसलं होतं. सौमित्रनं कागद वाचला आणि कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"बैठकीतून परत पाठवावी लागेल, ताई."

"दर वेळी पाठव," ताई म्हणाल्या.