उतरेना ते शिरस्त्राण

शनिवारी सकाळी जितेंद्रने नवं लोखंडी शिरस्त्राण डोक्यावर चढवलं आणि ते उतरेना. मालवणच्या शाळेत तो चित्रकला शिकवायचा आणि रविवारी मित्रांबरोबर जुन्या काळच्या लढाया खेळायचा. तलवारी बोथट, पण वजनाला खऱ्या. म्हणून मंडळाचा नियम त्यानेच केला होता : ज्याचं शिरस्त्राण हाताने हललं, त्याला रिंगणात जागा नाही. आपलं तर कणभरही हलू नये, या हट्टापायी त्याने आत कापसाचं दुप्पट अस्तर शिवलं होतं. दुसऱ्या दिवशी सावंतवाडीत मंडळाचा पहिला जाहीर खेळ होता.

"हलता काय?" त्याच्या बायकोने, गौरजाने, विचारलं.

"नाय," आतून आवाज घुमला. "उतरणा पण नाय."

गौरजाने कडेने खोबरेल ओतलं. कापसाने ते पिऊन टाकलं आणि तो आणखीच टम्म फुगला. मग तिने दोन्ही हातांनी ओढलं, तर शिरस्त्राणाबरोबर नवराच खुर्चीवरून पुढे आला. शेवटी त्याला स्कूटरवर मागे बसवून ती निघाली कसालला, ते घडवणाऱ्या दाजी लोहाराकडे.

वाटेत पोलिसाने गाडी अडवली. मागच्या माणसाकडे त्याने कौतुकाने पाहिलं आणि गौरजाला विचारलं, "बाई, तुमचं हेल्मेट कुठाय?"

दाजींनी हातोडी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "ठोकूक हरकत नाय. पण आत सरांची टकली आसा."

गौरजाने त्यांच्याकडून तारेची बारीक आकडी मागून घेतली आणि तेलकट कापूस पुंजक्यापुंजक्याने उपसायला सुरुवात केली. अर्ध्या तासाने शिरस्त्राण सुटलं. आतून रातांब्यासारखे लाल कान बाहेर आले. पण रिकामं शिरस्त्राण आता घंटेसारखं हलत होतं.

"उद्या माका रिंगणात जागा नाय," जितेंद्र खालच्या मानेने म्हणाला.

घरी येऊन गौरजाने टेपने त्याच्या डोक्याचं माप घेतलं आणि गोधडीसारखं थरांचं अस्तर शिवलं. सावंतवाडीत जितेंद्रने मनसोक्त वार झेलले. ती पहिल्यांदाच खेळ बघत होती, तोही शेवटपर्यंत, उभ्यानेच.

परतताना ती म्हणाली, "माकाय खेळूचा आसा."

जितेंद्रला इतका आनंद झाला, की दाजींकडून तिच्या मापाचं शिरस्त्राण यायला महिना लागला तो त्याला वर्षासारखा वाटला. पहिल्याच रविवारी तिचा पहिलाच वार त्याच्या डोक्यावर बसला.

"लागला काय?" तिने काळजीने विचारलं.

"अजिबात नाय," तो अभिमानाने म्हणाला.

"मगे बरा," म्हणत तिने तलवार पुन्हा उचलली.