एक लांब, एक आखूड

शेअर बाजारात माणसं बुडतात ती ऐकीव माहितीवर. मी ऐकीव माहितीवर कधीच विसंबत नाही. मी स्वतःच्या कानांनी ऐकतो! हा फरक मी बायकोला अनेकदा समजावून सांगितला आहे, आणि तिनंही तो दर वेळी भाजी निवडत निवडत, मान वर न करता ऐकला आहे.

आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीतून एका कंपनीचं फाटक दिसतं. कंपनी लहान, पण माल मोठा. ग्राफीन! ग्राफीन म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर मलाही येत नाही. पेन्सिलीच्या शिशात ग्राफाइट असतं. त्याचे पापुद्रे काढत काढत गेलं की शेवटी एका अणूच्या जाडीचा एकच पापुद्रा उरतो. तो म्हणजे ग्राफीन. पोलादाहून चिवट! टायरमध्ये घाला, रंगात घाला, सिमेंटमध्ये घाला, बॅटरीत घाला. ज्यात घालाल ते सुधारतं. फक्त त्यात पैसे घालणारे तेवढे सुधारत नाहीत, असं बायकोचं मत.

कंपनी चार वर्षं एकच गोष्ट सांगत होती : "चाचण्या उत्साहवर्धक असून व्यावसायिक उत्पादन लवकरच." त्या 'लवकरच'वर आम्ही दोनशे माणसं जगत होतो. आमचा फोनवर एक गट होता. गटाचे म्होरके म्हणजे दातांचे एक डॉक्टर. त्यांनी गटातली निम्मी माणसं खुर्चीत आडवी करूनच मिळवली होती. समोरच्याचा जबडा उघडा असताना ते विचारायचे, "ग्राफीन घेताय ना?" आणि पेशंटला नाही म्हणता यायचं नाही.

बाकीचे सगळे उंटावरून शेळ्या हाकणारे. प्रत्यक्ष फाटक पाहणारा मी एकटा. त्यामुळे गटात माझं नाव पडलं 'खिडकीवाले', आणि काय सांगू, काय मान होता! मी नुसतं लिहायचो, "आज दोन टेम्पो आत गेले, एकच बाहेर आला," की संध्याकाळपर्यंत खल चालायचा. दुसरा टेम्पो आत का राहिला? नवी यंत्रं आली! परदेशी असणार! बाजारात तुरी, तसा प्रकार. खरं म्हणजे तो टेम्पो आतच बंद पडला होता. तिसऱ्या दिवशी चार माणसांनी ढकलत बाहेर आणला, तेव्हा मी ते लिहिलं नाही. उगाच कशाला लोकांचा उत्साह घालवायचा?

आता माझ्या पैशांबद्दल. बेचाळीसला घेतलेला शेअर एकोणीसवर आला होता. आणि घेतला होता तो स्वयंपाकघराच्या ओट्याच्या पैशांनी. बायकोनं आणि मी तीन वर्षं साठवलेले पैसे. ही गोष्ट मला आणि देवाला ठाऊक होती, आणि देवानं अजून घरी सांगितलं नव्हतं.

मला वाचवलं होतं ते आईबाबांच्या भांडणानं. आमचा ओटा बाबांनी घर घेतलं तेव्हा स्वतःच्या हातांनी बांधलेला. चांगला भक्कम, पण टीचभर बुटका. त्याच्यावर वाकून वाकून आईची कंबर गेली. आईचं म्हणणं, ओटा तोडा. बाबांचं म्हणणं, त्याची वीटसुद्धा हलणार नाही.

"मग माझी कंबर तोडा!" आई म्हणाली, आणि त्या दिवसापासून दोघांची अळीमिळी गुपचिळी. बोलणं माझ्यामार्फत. आई म्हणायची, "त्यांना सांग, पान वाढलंय." बाबा त्याच पानावर बसून म्हणायचे, "तिला सांग, दिसतंय."

कुठलाही सुपुत्र मध्ये पडून समेट घडवील. मी काय केलं? बाबांना बाजूला घेऊन म्हणालो, "बाबा, तुमच्या हातचं काम आहे ते!" आणि आईला म्हणालो, "दर वेळी तूच का माघार घ्यायचीस?" कारण सरळ होतं. भांडण चालू होतं तोवर ओट्याचे पैसे कोणी मागणार नव्हतं. असे नऊ दिवस मी दोन्ही चुलींत सरपण घालत होतो. शरम वाटते सांगायला, पण घातलं.

आणि दहाव्या दिवशी भोंगा वाजला!

इथं मला थोडं मागं जावं लागेल. ही ग्राफीनची कंपनी आहे ती जुन्या पेन्सिलीच्या कारखान्याच्या जागेत. त्या कारखान्यात बाबा एकतीस वर्षं शिसेखात्यात फोरमन होते. आमचं सगळं लहानपण त्या कारखान्याच्या रंगाचं होतं, म्हणजे चकचकीत करड्या. बाबांच्या हातांना तो रंग कायमचा. रविवारी घासून घासून धुतले तरी नखांच्या कडांना तो चमकायचाच. माझ्या वहीवर सही केली की सहीशेजारी अंगठ्याचा ठसा आपोआप उमटायचा, फुकटचा शिक्का! शाळेत मी कधी विकतची पेन्सिल नेली नाही. नापास मालातल्या न्यायचो. कुणाचं शिसं एका बाजूला सरकलेलं, कुणात मध्येच दोन बोटं शिसंच नाही. माझं अक्षर वाईट का, तर त्यामुळे, असं मी अजूनही सांगतो.

आणि भोंगा! अख्ख्या वसाहतीत घड्याळाकडे कोणी बघायचं नाही. दुपारी तीनला एक लांब भोंगा व्हायचा. पहिली पाळी सुटली, दुसरी सुरू झाली. भोंग्याची लोखंडी पेटी बाबांच्या ताब्यात, किल्लीही त्यांच्याकडेच. मात्र कधी कधी लांब भोंगा संपला की त्याच्या मागून एक छोटासा, आखूड भोंगा यायचा. पूंऽऽऽऽ... पूं! मी सहा वर्षांचा असताना बाबांना विचारलं होतं, हा दुसरा कशाचा? बाबांनी आईकडे बघितलं आणि ते म्हणाले, "जादा कामाचा."

कारखाना बंद झाला त्या दिवशी बाबांनी शेवटचा भोंगा इतका वेळ वाजवला की कावळे उडून गेले ते संध्याकाळपर्यंत परतले नाहीत. आई दारात उभी राहून ऐकत होती. मग बावीस वर्षं तीन वाजले तरी ते कोणाला कळलं नाही.

तर दहाव्या दिवशी मी पाठदुखीची रजा काढून खिडकीत बसलो होतो. बाबा रोजच्यासारखे जेवण करून फाटकावरच्या वॉचमनकडे गप्पा मारायला गेले होते. तो त्यांच्याच खात्यातला जुना गडी. बरोबर तीन वाजले, आणि...

पूंऽऽऽऽऽऽ... पूं!

माझ्या अंगावर काटा आला. खोटं नाही सांगत, दोन क्षण मी सहा वर्षांचा झालो. डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या क्षणी मी पुन्हा गुंतवणूकदार झालो आणि फोन उचलला.

"डॉक्टर! भोंगा झाला!"

"थांबा, तोंडात हात आहे माझा. कसला भोंगा?"

"पाळीचा! बावीस वर्षांनी! एक लांब, एक आखूड! लांब म्हणजे दुसरी पाळी, आखूड म्हणजे जादा काम!"

"नक्की?"

"अहो, माझं बालपण गेलंय त्या भोंग्याखाली!"

पलीकडे पेशंट कळवळल्याचा आवाज आला. "म्हणजे उत्पादन सुरू!" डॉक्टर ओरडले. "नुसतं सुरू नाही, दोन पाळ्यांत, वर जादा काम! मागणी पुरवता येत नाहीये त्यांना!"

पुढच्या पाच मिनिटांत गटावर हलकल्लोळ! कोणी म्हणे टायरवाल्यांची ऑर्डर, कोणी म्हणे विमानवाल्यांची. एकोणीसचा शेअर बावीस झाला, पंचवीस झाला. मी फोनमध्ये डोकं घालून बसलो होतो. मागं स्वयंपाकघरात आई कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाली, "चहा टाकते. येतील आता हे." मी अर्ध्या कानानं ऐकलं. बरोबर दहा मिनिटांनी बाबा आले. मी बघितलंसुद्धा नाही. शेअर एकोणतीस! स्वतःच्या कानांनी ऐकणाऱ्या माणसाला तेवढी दोन वाक्यं नीट ऐकू आली असती ना, तर पुढचं सगळं टळलं असतं.

बाजार बंद झाला तेव्हा भाव होता एकतीस. मी छाती काढून स्वयंपाकघरात गेलो, तर आईबाबा ओट्याला टेकून चहा पीत होते. दोघं! एकाच बशीतली बिस्किटं! आणि बायको हसत उभी.

"अरे, ये," बाबा म्हणाले. "ओटा तोडायचा ठरलाय. मी हरलो."

"हरलात कसले," आई म्हणाली. "शहाणे झालात."

"गवंडी उद्या येतोय माप घ्यायला," बायको म्हणाली. "सकाळी पैसे काढून आणाल?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण एकतीसचा भाव डोळ्यांसमोर नाचत होता. आत्ता विकले तर अजूनही तोटाच. आणि दुसरी पाळी सुरू झालेली कंपनी एकतीसला कोण विकतं? डॉक्टरांनी साठ सांगितला होता!

"उद्या कशाला घाई," मी म्हणालो. "आठवडाभर थांबा. ओटाच काय, अख्खं स्वयंपाकघर नवं करू!"

बायकोनं माझ्याकडे नीट बघितलं. लग्नाला चोवीस वर्षं झालेल्या बायका नवऱ्याकडे असं बघतात तेव्हा त्यांना सगळं कळलेलं असतं, फक्त आकडा कळायचा असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा खुलासा आला. चहाच्या वेळीच. मी तो मोठ्यानं वाचला, कारण मनातल्या मनात वाचायचा धीर होईना.

"कंपनीने दुसरी पाळी सुरू केलेली नाही. व्यावसायिक उत्पादन अद्याप सुरू झालेले नाही. चाचण्या उत्साहवर्धक आहेत. काल वाजलेला भोंगा जुन्या कारखान्यातील एका निवृत्त कर्मचाऱ्याने वैयक्तिक कारणासाठी वाजवला होता."

"वैयक्तिक कारण!" मी किंचाळलो. "भोंगा काय वैयक्तिक कारणासाठी वाजवतात? कोण हा मूर्ख म्हातारा?"

"मूर्ख कशाला म्हणतोस?" बाबा म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला. नखांच्या कडांना गंज आणि वंगण लागलं होतं. "चार दिवस लागले मला त्या पेटीचं कुलूप उघडायला. किल्ली होती माझ्याकडे, पण गंजलेलं होतं ना."

मी आ वासून बसलो. दातांचे डॉक्टर असते तर त्यांनी एखादा दात बघून घेतला असता.

"पण बाबा... एक लांब, एक आखूड... जादा काम..."

"लांब कारखान्याचा," बाबा म्हणाले आणि थोडे लाजले. सत्त्याहत्तराव्या वर्षी! "आखूड तुझ्या आईचा. सकाळी घरातून भांडून निघालो की दुपारी तो वाजवायचा. म्हणजे, चुकलं माझं, चहा टाक."

"एकतीस वर्षांत कितीदा वाजला, मोजलाय का?" आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुला काय सांगणार होते रे ते, सहा वर्षांच्या पोराला?"

मला हसावं की रडावं कळेना. लहानपणी मला वाटायचं, आपले बाबा किती जादा काम करतात! खरंच करत होते की.

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टर.

"खिडकीवाले! आखूड भोंगा म्हणजे जादा काम, हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

"आतल्या माणसानं. शिसेखात्याच्या फोरमननं."

"कधी?"

"पंचेचाळीस वर्षांपूर्वी."

फोन ठेवला गेला. दुपारपर्यंत भाव चौदा झाला. एका म्हाताऱ्याला बायकोची समजूत काढायची होती, म्हणून दोनशे माणसं एका दिवसात वर गेली आणि दुसऱ्या दिवशी खाली आली! संध्याकाळी गवंडी माप घेऊन गेला, आणि तो गेल्यावर मी बायकोला आकडा सांगितला.

ती ओरडली नाही. तेच वाईट. नुसती आईजवळ जाऊन उभी राहिली आणि त्या बुटक्या ओट्यावर वाकून भांडी विसळायला लागली. आई म्हणाली, "राहू दे, मी करते." ती म्हणाली, "नको, तुमची कंबर." मला वाटलं, त्या पापुद्र्यासारखं एका अणूच्या जाडीचं होऊन भिंतीला चिकटावं. तेव्हापासून बायको माझ्याशी बोललेली नाही. आता निरोप आईमार्फत येतात. "तिनं सांगितलंय, पान वाढलंय."

चौथ्या दिवशी मी बाबांना गच्चीवर गाठलं.

"बाबा, ती भोंग्याची किल्ली आहे का अजून?"

"आहे ना. वॉचमनची नोकरी वाचली एकदाची, पण किल्ली कोणी मागितली नाही." बाबांनी खिशातून ती काढून दाखवली, आणि परत खिशात ठेवली. "तुला तिचा काही उपयोग नाही रे."

"का? तुमचं जमलं की!"

"भोंग्यानं काही जमत नाही. भोंगा झाल्यावर मी दहा मिनिटांत घरी यायचो, एकतीस वर्षं. त्यानं जमायचं."

म्हणून सध्या मी खिडकी बंद ठेवली आहे आणि ऑफिस सुटलं की तडक घरी येतो. येऊन चहा मीच टाकतो, त्या बुटक्या ओट्यावर वाकून. कंबर दुखते. आज तिसरा दिवस. काल बायकोनं कप घेतला, बोलली मात्र नाही. एकतीस वर्षं व्हायला अजून थोडा अवकाश आहे. तोवर शेअरही बेचाळीसला येईल, असं दातांचे डॉक्टर म्हणतात.